शुक्रवार आमच्याकडे

रिक्षावाल्याला म्हटलं, इथेच थांबवा, तर तो मान वळवून म्हणाला, "बेन, अहीं तो कंई नथी." काही नाही कसं? माझं अख्खं लहानपण इथे पडलंय आणि हा म्हणतो, काही नाही! पण भांडून काय उपयोग. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला सुरतेला आले होते, हळदीला अजून वेळ होता, म्हटलं बमरोली रोडला जाऊन येऊ. रिक्षातून उतरले आणि आधी नाकाने ओळख दिली. गिरण्यांतून सुटणाऱ्या ओल्या वाफेचा, रंगाचा आणि तळलेल्या मिरचीचा तो एकत्र वास. दुसऱ्या कुठल्याही गावाला तो नाही, आणि तो चांगला आहे असंही कुणी म्हणणार नाही. मला मात्र तो येताच भूक लागली.

आमचं घर अजून आहे. रांगेतलं चौथं, पुढे दोन पायऱ्यांचा ओटला. आत आता साड्यांवर खडे चिकटवायचं काम चालतं. दारात बसलेली बाई म्हणाली, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोणी नाही, पूर्वी इथे राहायचो." तिने लगेच सरकून ओटल्यावर जागा करून दिली. मी बसले. त्या गार फरशीवर बसल्याबरोबर मला दत्तू आठवला, कारण एका दुपारी तोही असाच इथे बसला होता, आणि आमच्या दाराला कुलूप होतं.

दत्तू म्हणजे दावित. इथिओपियाचा. उंच, सडसडीत, कपाळ मोठं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची सवय. सुरतेच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला आला होता. बाबांनी नाव ऐकलं आणि म्हणाले, "दावीत? काय दावीत?" आमच्याकडे दाखवण्याला दावणं म्हणतात, त्यामुळे चाळभर तो विनोद झाला. आईला तो विनोद आवडला नाही. "पोराच्या नावाला हसू नये," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच त्याला दत्तू करून टाकलं. आमच्या गल्लीत मग त्याला दुसरं नाव उरलंच नाही.

त्याच्या देशात सरकार पालटलं आणि त्याला येणारे पैसे थांबले. यापेक्षा जास्त मला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही मी विचारलं नाही. कळलं ते एवढंच की शिक्षण अर्ध्यावर आलं होतं, पोरगा केळी आणि चहावर दिवस काढत होता, आणि असंच चाललं तर डिग्री न घेताच परत जाणार होता. त्याच्या कॉलेजातल्या एका मराठी सरांनी ही गोष्ट आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सांगितली. सगळे हळहळले. हळहळण्यात आपली माणसं पटाईत. मग एक म्हातारे आजोबा उठून म्हणाले, "हळहळताय काय? वार लावा."

वार लावणं हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. पूर्वी गरिबाघरचा मुलगा शिकायला शहरात गेला की सात घरं ठरायची, रोज एका घरी जेवण. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. आमच्या मंडळात सगळ्यांचे आजे-पणजे असेच शिकलेले, त्यामुळे ती कल्पना सगळ्यांना एकदम पटली. फी आणि होस्टेलचं भाडं सरांनी कॉलेजकडून माफ करून आणलं, जेवण आम्ही सात घरांनी घेतलं. त्यानंतर ती घरं आडनावांनी ओळखलीच गेली नाहीत. बँकेतले साहेब शनिवारवाले झाले, शाळेतल्या बाई बुधवारवाल्या झाल्या. बाबा कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होते, त्यांना शुक्रवारी सुट्टी असे, म्हणून आई हात वर करून म्हणाली, "शुक्रवार आमच्याकडे."

पहिल्याच शुक्रवारी फजिती. आईने वरणभातावर तूप घातलं, तर दत्तूने ताटावर आडवा हात धरला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, शुक्रवारी माझा उपास असतो. आईचा चेहरा फुलला. परमुलखातला पोरगा आणि शुक्रवार करतो! ती लगेच साबुदाणा भिजवायला उठली. तर तो म्हणाला, भात चालतो, डाळ चालते, भाजी चालते. दूध, तूप, दही, अंडं, मटण चालत नाही, आणि दुपार कलेपर्यंत काही खायचं नाही. आई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "डाळ चालते आणि दूध नाही चालत? हा कसला उपास बाई!" पण देव ज्याचा त्याचा, आणि उपास म्हटला की आई वाद घालत नसे. त्या दिवसापासून आमच्या घरी शुक्रवारी गोडेतेलातला स्वयंपाक, आणि तोही उन्हं उतरल्यावर.

ते शुक्रवार मला वासांनी आठवतात. थंडीत बाबा वाटेवरून पोंक आणत. हिरवा कोवळा ज्वारीचा पोंक, वर शेव आणि लिंबू. दत्तू तो एकेक दाणा करून खाई आणि बाबा म्हणत, "अरे मूठ मार, मूठ!" संक्रांतीला गच्चीवर मांजा घासल्याचा खरखरीत वास. उन्हाळ्यात हजिऱ्याकडून येणारा खारा वारा आणि ओल्या वाळ्याचा पडदा. पलीकडच्या गाळ्यात माग दिवसरात्र खटाखट चालत, ते थांबले की आम्हाला झोपेतून जाग येई. दत्तूचा त्या खटखटीत अभ्यास चांगला होई. आईच्या मागेमागे तो आमची अहिराणी शिकला. आईने त्याला 'माय' म्हणायला शिकवलं तर तो हसायलाच लागला, त्याच्या भाषेत आईला 'एमाये' म्हणतात म्हणे. बुधवारवाल्या बाईंना त्याला शुद्ध मराठी शिकवायचं होतं. त्या हताश होऊन आईला म्हणाल्या, "अहो, तो मला 'काय करी राहिनी' म्हणतो!" आई त्या दिवशी दिवसभर खुशीत होती.

एकदा मी त्याला विचारलं, घरचं काय खावंसं वाटतं सगळ्यात? त्याने विचार न करता सांगितलं, "शिरो." एवढंच. नंतर त्याने भाताची शितं बोटाने गोळा केली. शेजारच्या कांताबेननी कान दिलाच होता. त्या म्हणाल्या, "शीरो! ए तो आपणो शीरो!" गुजरातीत शिऱ्याला शीरोच म्हणतात. आईला गहिवरून आलं. त्याच्या मुलखातही शिराच करतात आणि पोराला आईच्या हातचा शिरा आठवतोय! पुढल्या शुक्रवारी तिने शिरा केला. पण शुक्रवार, म्हणजे तूप नाही, दूध नाही. मग? गोडेतेलात रवा भाजला, पाण्यात गूळ विरघळवला, आणि शिरा केला. देवा रे! मी एक घास घेतला आणि पाणी प्यायला धावले. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि पंख्याकडे बघत बसले. दत्तूने सगळा खाल्ला. वर 'थँक्यू माय' म्हणाला. आईने आमच्याकडे बघितलं, बघा म्हणून.

मग काय, दर शुक्रवारी तेलातला शिरा. आम्ही दोघं काही ना काही कारणं काढून सुटत असू. दत्तूला कारण नव्हतं. त्याच्या ताटात आई डावभर जास्तच घाली, आणि तो खाली बघून सगळा संपवी, आणि थँक्यू म्हणे. ते थँक्यू आईला टोचायचं. "घरात कुणी थँक्यू म्हणतं का रे? हॉटेल आहे का हे?" तो म्हणे, सॉरी माय. त्यावर तर ती कपाळाला हातच लावी. तिचं तेव्हाचं एकच मागणं होतं. पोरगा पोटभर जेवावा आणि त्याने आपल्या घरी परक्यासारखं जेवू नये. पहिलं जमत होतं, दुसरं काही केल्या जमेना.

आणि मग चौऱ्याण्णवचा तो पितृपक्ष आला. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि शहर रिकामं व्हायला लागलं. त्या दिवसांचं मला एवढंच आठवतं. डांबराच्या गोळ्यांचा वास, तोंडाला बांधलेले रुमाल, औषधाच्या दुकानापुढली रांग, आणि माग थांबलेले. त्या शांततेची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. बाबांनी डॉक्टरांना विचारून सगळ्यांना कॅप्सूल दिल्या आणि आई म्हणाली, माझ्या भावाकडे जाऊ, नंदुरबारला. दुपारी आम्ही स्टेशनात. बाबांनी कसंबसं आम्हाला डब्यात कोंबलं, सामान खिडकीतून आत टाकलं.

तर त्याच डब्यात, दोन बाकं सोडून, शनिवारवाले! साहेब, वहिनी, सगळे. आईचा जीव भांड्यात पडला. ती इतक्या माणसांवरून ओरडली, "वहिनी, दत्तू कुठाय?"

वहिनी म्हणाल्या, "दत्तू? तुमच्याकडे ना? आज शुक्रवार."

"अहो, उद्या तुमच्याकडे श्राद्ध म्हणून आपण वार बदलला होता ना? आजचा तुम्ही घेतलात, उद्याचा मी."

"पण उद्याचं श्राद्धच कुठे राहिलं आता? मला वाटलं, मग तुमचा वार तुमच्याकडेच..." वहिनींचा आवाज तिथेच विरला.

आपल्या लोकांशिवाय असली चूक कोण करणार! वार इतका काटेकोर पाळायचा की श्राद्धासाठी बदलून घ्यायचा, आणि त्या अदलाबदलीत पोरगाच गावात विसरायचा. सोमवारवाल्यांपासून सगळ्यांनी तेच धरलं असणार. आज तो शुक्रवारचा, शुक्रवारवाले नेतील.

बाबा म्हणाले, "कॉलेजच्या मुलांबरोबर गेला असेल." ते बोलले खरे, पण त्यांनाच ते पटलं नव्हतं. आई उठली. "आज शुक्रवार आहे. तो जेवायला येणार," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि माणसांतून वाट काढत खाली उतरली. मी तिच्यामागे. बाबांनी "अगं ए! अगं वेडी का तू!" करत आधी आम्हाला हाका मारल्या, आणि गाडीने शिट्टी दिल्यावर सगळं सामान पुन्हा खिडकीतून बाहेर फेकलं. गाडी गेली. बाबा फलाटावर वळकटीवर बसून राहिले आणि आम्ही दोघी रिक्षा शोधायला धावलो.

रिकामी सुरत मी तेव्हा पाहिली. उधना दरवाज्यापाशी एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं. आई वाटभर नुसती बांगड्या मागेपुढे करत होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ कळत होतं. हा पोरगा सगळं सोडून आपल्या देशी निघून गेला तर कॉलेज गेलं, वर्षं गेली. आणि त्याला काही झालं तर त्याच्या माउलीला कोण तोंड दाखवणार?

गल्लीत वळलो तर तो ओटल्यावर बसलेला. पांढरा शर्ट, तोंडाला रुमाल, मांडीवर हात. आम्हाला बघून तो उभा राहिला आणि नेहमीसारखं आईच्या हातांकडे बघत म्हणाला, "तठे बी कुलूप. आठे बी कुलूप." आधी तो शनिवारवाल्यांकडे जाऊन आला होता. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं.

आई म्हणाली, "चाल."

"कोठे?"

"जेवाले."

"जेवाले कोठे?"

"नंदुरबारले," आई म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली. रिक्षात बसेपर्यंत रडली, मग डोळे पुसून रिक्षावाल्याशी भांडली, कारण तो आता जास्त पैसे मागत होता.

बाबांना घेऊन पुढच्या गाडीने निघालो. नंदुरबारजवळच्या मामाच्या गावी आम्हाला कुणी वेशीच्या आत येऊ देईना. सुरतवाले म्हणजे प्लेगवाले, आणि त्यात आमच्याबरोबर हा. मामाचं डोकं शांत. तो म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे, थोडे दिवस मळ्यात राहा." मळ्यात विहिरीजवळ एक खोली होती. सरकारी नर्स येऊन ताप बघून जाई. कापूस फुटायला लागला होता, रात्री गारवा पडे, आणि शिधा मामा बांधावर ठेवून लांबूनच ओरडे. पहिल्या संध्याकाळी शिध्यात होतं ज्वारीचं पीठ, बेसन, तेल, लसूण, कांदे, मिरची. आईने तीन दगडांची चूल मांडली आणि पिठलं टाकलं.

लसूण तडतडला, तिखट पडलं, ठसका उठला. दत्तू विहिरीवर हातपाय धूत होता. तो तसाच ओल्या पायांनी आला आणि चुलीपुढे उकिडवा बसला. पिठलं रटरटायला लागलं तसं त्याने कढईत बोट दाखवलं. "माय, शिरो!"

"हे? हे पिठलं," आई म्हणाली.

"शिरो," तो म्हणाला. "मन्ही माय हाई करस. उपासले. शिरो."

आई डाव हातात धरून बसली. बाबांना हसू फुटलं आणि त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, आणि मग ते जे हसत सुटले ते खोकला येईपर्यंत. आई मात्र हसली नाही. "मग इतके दिवस मी तुला काय खाऊ घालत होते?"

दत्तू म्हणाला, "माले वाटनं, तुम्हना देवना प्रसाद शे. नही कसं म्हणू?"

आईचं बोलणं मी इथे जरा सरळ करून लिहिते, तिची अहिराणी होती त्याहून तिखट होती. ती म्हणाली, "तुला तोंड नव्हतं का? आवडत नाही म्हणता येत नाही? ही बघ, माझीच पोरगी, भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेते. हे बघ तिचे बाबा, एक दिवस गेला नाही नाव ठेवल्याशिवाय. आणि तू मेला गुपचूप गिळतोस आणि थँक्यू म्हणतोस! उपकार करतेय का मी तुझ्यावर? उपकाराचं जेवणारा गप्प बसतो. घरचा माणूस नावं ठेवतो. उद्यापासून नावं ठेवायची, नाहीतर माझ्याकडे जेवायचं नाही."

दत्तू घाबरला. त्याने एक घास घेतला, बराच वेळ चावला, आणि चाचरत म्हणाला, "मीठ... कमी शे?"

"कमी नाहीये!" आई कडाडली. "पण असं. असं म्हणायचं." त्या दिवशी तो भाकऱ्यांवर भाकऱ्या जेवला आणि त्याने थँक्यू म्हटलं नाही.

आम्ही परत आलो. माग पुन्हा खटाखट सुरू झाले, कॉलेज उघडलं, सातही घरं परत आली आणि वार पुन्हा लागले. शनिवारवाल्या वहिनी कितीतरी दिवस आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या, मग आईच त्यांच्याकडे पिठलं घेऊन गेली. त्या हिवाळ्यात दत्तूच्या आईने कुणाबरोबर तरी कच्च्या कॉफीच्या बिया पाठवल्या. त्याने त्या आमच्या तव्यावर भाजल्या, तवा फडक्यात धरून प्रत्येकाच्या नाकाशी नेला, आणि हाताने धूर आमच्याकडे लोटला. ती त्यांची रीत. कांताबेन म्हणाल्या, बळी गयुं, करपलं! आई म्हणाली, गप्प बसा, वास घ्या. मग त्याने कुटून, उकळून तीन वेळा कॉफी दिली. एकदा पिऊन उठायचं नसतं म्हणाला, तिसऱ्या पेल्यापर्यंत बसायचं असतं. आम्ही सगळे बसलो, कांताबेनसुद्धा. तो भाजका वास भिंतींत कितीतरी दिवस राहिला होता.

खडे चिकटवणाऱ्या बाईने मला चहा दिला. मी तिला हे सगळं सांगत होते की नुसतं मनात बोलत होते, कोण जाणे. ती म्हणाली, "मग झाला का तो पास?"

झाला. पहिल्या वर्गात झाला. मंडळाने निरोप समारंभ ठेवला. सतरंज्या, माइक, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलं होतं, आभारप्रदर्शन, चि. दावित. सरांनी त्याला इंग्रजीत भाषण लिहून दिलं होतं. त्यात आपल्या संस्कृतीबद्दल बरंच काही होतं. दत्तू उभा राहिला, त्याने तो कागद खिशात घातला आणि बायकांच्या बाजूला आई कुठे बसलीय ते बघून घेतलं.

"सोमवारले," तो म्हणाला, "वरणमा गूळ. कितला गूळ!"

सोमवारवाल्या काकूंनी पदर सावरला.

"मंगळवारले पोळी जाडी. बुधवारले भाजीमा मीठच नही. गुरुवारले टीव्ही चालू, कोणी बोलस नही. शनिवारले वहिनी आग्रह, आग्रह, आग्रह. पोट फुटस. रविवारले पाव्हणा फार, माले शेवटे वाढतस."

अध्यक्षांचं तोंड उघडं राहिलं होतं. सरांनी डोळे मिटून घेतले होते. पण मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग बुधवारवाल्या बाई हसल्या, आणि मग सगळा हॉल. सोमवारवाल्या काकू डोळ्यांतलं पाणी पुसत ओरडल्या, "अरे मेल्या, सांगायचं नाही का!" एकट्या आमच्या आईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती ताठ उभी राहिली.

"आणि शुक्रवार?" ती म्हणाली. "शुक्रवार का गाळला? माझ्या घरचं काही वाईट नाही?"

मला आठवतं, तेव्हा मला तिचा राग आला होता. एवढ्या लोकांत! पण तिला ते हवंच होतं. सहा घरांना नावं ठेवून झाली आणि तिच्या घराचे तेवढे आभार मानून हा पोरगा निघून गेला असता, तर तिने जन्मभर मनाला लावून घेतलं असतं.

दत्तूने माइक सोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्या हातांकडे न बघता सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"शुक्रवारले," तो म्हणाला, "जेवण झाये का माले परत होस्टेलले धाडी देतस."

आई सतरंजीवरून, माणसांतून, चपला न घालता पुढे गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "आज कोठेच जावानं नही," ती म्हणाली, आणि त्याला हाताला धरून जिना उतरून घरी घेऊन गेली. शाल-श्रीफळ टेबलावर राहिलं. आम्ही सगळे त्यांच्यामागे निघालो. आभारप्रदर्शन त्या दिवशी राहूनच गेलं.